दर्यावाली गिरिजाक्का

नदीला पाणी आलं अशी आरोळी उठली, तर तुमचे पाय कुठल्या दिशेला वळतात? खरं सांगा. चपला अडकवून तुम्ही उंचावर जाता, की मोबाईल काढून काठाकडं?

आमच्या भागात उत्तर ठरलेलं आहे. आम्ही धाराशिव जिल्ह्यातली माणसं. नळाला पाणी आलं तरी आमच्याकडं शेजारणीला हाक मारून सांगतात. पाण्यापासून पळायचं असतं, ही गोष्ट आमच्या अंगातच नाही. आम्ही पाण्याकडं पळतो. आणि अशाच गावातनं, तेरच्या खाली तेरणेच्या काठावरनं, एक बाई उठली आणि समुद्राचं पाणी चढलं की माणसांनी कसं आणि कुठं जावं, ह्याचं शास्त्र शिकून आली. तिचं नाव गिरिजा. माझ्यापेक्षा थोडी मोठी, म्हणून मी अक्का म्हणतो. गाव तिला दर्यावाली म्हणतं, तेही तिच्या तोंडावर.

गावाचं नाव लिहीत नाही. नदीकाठच्या कुठल्याही गावाचं नाव त्या जागी घाला, फारसं चुकणार नाही.

अक्काचं काम दूर दक्षिणेच्या बेटांवर असतं. वादळ, उधाण, किनारा ओलांडून घरात येणाऱ्या लाटा, त्यामुळं खाऱ्या होणाऱ्या विहिरी, ह्या सगळ्यात तिथली माणसं तगून कशी राहतील हे ती त्यांच्या ओसरीवर बसून, त्यांच्याबरोबर ठरवते. नोकरी एका संस्थेत, कंत्राटी. दरवर्षी मुदत संपते, दरवर्षी वाढवून मिळते, आणि दरवर्षी तिचे वडील विचारतात, "गिरिजा, औंदा तरी परमनंट केलं का?"

"अप्पा, बेटच परमनंट न्हाय. मी कशी व्हईन?"

अप्पा, म्हणजे महादप्पा, टेकाडावर किराणा दुकान चालवतात. घराणं मूळचं उमरग्याकडचं, त्यामुळं साधं बोलणं मराठीत आणि राग कानडीत. अक्काला ते 'हुच्ची' म्हणतात, म्हणजे वेडी. लाड करतानाही तोच शब्द. लाड आहे की राग, हे अप्पांच्या भुवयांवरनं ओळखायचं.

पावसाळ्यात तिकडचा समुद्र खवळतो, होड्या बंद होतात, तेव्हा अक्का घरी येते. आली की आठ दिवस गाव तिच्या सवयींवर जगतं. कुणाच्याही घरात शिरली की आधी वर बघते. लोकांना वाटतं, जाळी-जळमटं बघते आहे. ती बघत असते की ह्या घरात सगळ्यात उंच फळी कुठली, आणि तिच्यावर काय ठेवलंय. बहुतेक घरांत त्या फळीवर लग्नात मिळालेली, कधी न वापरलेली भांडी असतात, आणि रेशनकार्ड, सातबारा, औषधं हे सगळं खाली गादीखाली. "म्हणजे पूर आला तर तुमची पितळेची घागर वाचणार," ती म्हणते, आणि चहा बशीत ओतते.

तिच्या गळ्यात दोन गोष्टी असतात. एक इष्टलिंग आणि दुसरी शिट्टी. अप्पांना हे पटत नाही. गळ्यात एक शिव पुरे, असं त्यांचं म्हणणं.

"देव हाक ऐकतो, अप्पा. हाक मारत न्हाय. त्याच्यासाठी शिट्टी."

अप्पांच्या भुवया त्या दिवशी बराच वेळ खाली आल्या नाहीत.

खाण्याचीही एक गंमतच. बेटावर सकाळ-संध्याकाळ मासे. आणि ही लिंगायताची पोर, अंड्याचा वास आला तरी पदर नाकाला लावणारी. पहिल्या वर्षी बेटावरच्या बायांना वाटलं, ह्या मुलीला काही आजार आहे. हिच्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं, नारळ-भातावर हिला जगवलं. हिनं त्यांना बदल्यात कडक भाकरी दिली. आमच्याकडची ज्वारीची, पापडासारखी वाळलेली, महिनोन् महिने टिकणारी. बायांनी ती मोडून बघितली, चावून बघितली, आणि म्हणाल्या की ही वादळाच्या दिवसांसाठी बांधून ठेवायची. आता अक्काची आई दर खेपेला डब्बे भरून देते. शास्त्रज्ञ म्हणून तिनं बेटाला काय काय दिलं ते तिच्या संस्थेला माहीत असेल. आम्हाला एवढं माहीत आहे की आमची भाकरी समुद्र ओलांडून गेली.

मध्यंतरी तिला बघायला लातूरकडची मंडळी आली होती. मुलाच्या वडिलांनी रीतीप्रमाणं विचारलं, काही विचारायचं असेल तर विचार बाळ. अक्कानं विचारलं, "तुमच्या घराचं जोतं किती उंच आहे?"

मुलाचे काका पुढं सरसावले. "घर मोठं हाय. वर गच्ची हाय, खाली दोन गाळे हायत."

"गाळे नको. जोतं. जमिनीपासून."

"आमच्याकडं पूर येत न्हाय," काका जरा दुखावून म्हणाले.

"बेटावर पण पहिल्या दिवशी सगळे असंच सांगतात," अक्का म्हणाली, आणि पोह्यांची बशी त्यांच्यापुढं सरकवली. मध्यस्थानं नंतर कळवलं की पोरगी हुशार आहे, पण आम्ही मुलगी बघायला गेलो होतो का ती घर बघायला आली होती, ह्याचा आमच्या लोकांना उलगडा झाला नाही.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

आमचं गाव मुळात टेकाडावर वसलेलं. मोठा पाऊस झाला की तिथल्या मातीतनं अजून जुन्या खापऱ्या, मणी वर येतात. म्हणजे फार पूर्वीच्या माणसांनाही कळत होतं की राहायचं उंचावर आणि नदी ठेवायची खाली. मग टेकाडावर जागा कुणाला मिळाली आणि काठावर कोण ढकललं गेलं, हे मी फोडून सांगायला नको. ज्याला कळत नाही त्यानं आपल्या गावातनं वरनं खाली एकदा चालत जावं आणि घराघरावरची आडनावं वाचावीत. काठावरच्या त्या घरांना आमच्यात खालची आळी म्हणतात. वरचं धरण भरून पाणी सोडलं की पहिलं पाणी खालच्या आळीत. पाणी सोडल्याचा निरोपही तिथं जातो, पण बहुतेक वेळा पाण्याबरोबरच.

आणि तरी त्या आळीची रीत अशी, की नदीला मोठं पाणी आलं की बायांनी वाजतगाजत काठावर जायचं आणि पाण्याची ओटी भरायची. खण, नारळ, हळदकुंकू, मूठभर ज्वारी. पुढं असते केराबाई. धिप्पाड बाई, मोठा आवाज, नवरा नाही, एक मुलगा सोलापूरला, घरात अंथरुणाला खिळलेली सासू सखूबाई. गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला अक्कानं ह्या केराबाईला गाठलं. ओटी भरायला सगळी आळी काठावर जमते, म्हाताऱ्या घरात एकट्या राहतात, आणि पाणी मागनं ओढ्यातनं वाट अडवतं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. ह्या आळीतलं एक माणूस तरी औंदा जाईल, अशी धास्ती तिला बसली होती. ती धास्ती तिच्या थट्टेतही ऐकू यायची.

आधी तिनं शिकलेल्या माणसाची चूक केली. ग्रामपंचायतीत सभा घेतली, भिंतीवर चित्रं दाखवली. लाटा दाखवल्या, बाणांनी वाटा दाखवल्या. प्रश्न विचारा म्हणाली, तर पहिला प्रश्न आला, समुद्रात मीठ आलं कुठनं. दुसरा, पाऊस कधी उघडणार. तिसरा, तुम्हाला तिकडं भाजी मिळती का.

मीही मदतीला धावलो होतो. पत्रकं छापणाऱ्या घरात वाढल्यावर दुसरं काय सुचणार! लाल शाईत एक खणखणीत पत्रक लिहून अक्काच्या हातात दिलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं.

"ह्याच्यात 'जागे व्हा' किती वेळा हाय रे?"

"जोर यायला पाहिजे ना, अक्का."

"जोर आलाय. पण जागं होऊन कुठं जायचं, हे एकदापण न्हाय."

सभेच्या शेवटी केराबाई उठली. "बाई, राग मानू नका. आमी पान्याची वाट बघत म्हातारी झालेली मान्सं. नदी म्हंजी आमची लेक. वरीसभर सासरी ऱ्हाती, एकदा माहेराला येती. ती आली की तिला बघून पळा म्हन्ताव व्हय?"

सभा हसली. आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यात जास्त अक्का हसली. मग तिनं आम्हाला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली.

बेटावरचा तिचा पहिलाच महिना. एका दुपारी मशिदीच्या कर्ण्यावरनं पुकारा झाला. भाषा येत नव्हती, पण पाण्याचा शब्द तेवढा ती शिकली होती, त्यामुळं माणसं काय ओरडत होती ते कळलं: पाणी आलं. सगळं बेट आत, उंच जागेवरच्या शाळेकडं पळायला लागलं. आणि समुद्री आपत्तीचं शिक्षण घेतलेली आमची गिरिजाक्का हरखून किनाऱ्याकडं पळत सुटली. का? कारण पाणी आलं! मागनं कुणीतरी तिची वेणी धरून मागं ओढलं. ती होती आमिना, जिच्या घरी ती राहायची. नावापुढचं 'बी' आपल्याकडच्या रीतीनं अक्कानंच लावलेलं. आमिनाबीनं तिला वेणीला धरूनच शाळेपर्यंत नेलं, आणि तिथं सगळ्यांसमोर आपल्या भाषेत जे सुनावलं त्याचा अर्थ आजवर अक्कानं कुणाला विचारलेला नाही. तेव्हापासनं ती वेणी घालत नाही, अंबाडा घालते.

"केराबाई, मी पण तुमच्यासारखीच," अक्का म्हणाली. "पाणी दिसलं की माझे पाय तिकडंच जातात. म्हणून विचारते. लेक माहेराला आली, तर ओटी वेशीत उभं राहून भरता का घरात घेऊन?"

"घरात घिऊन."

"मग हिला पण वर घ्या. पहिलं पाणी वाढायला लागलं की एक कळशी भरा, आणि सगळ्यांनी मिळून टेकाडावर या. म्हाताऱ्यांना घेऊन. ओटी वर भरू."

केराबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "वर आमचं घर कुटं हाय, बाई?"

ह्या प्रश्नाला भिंतीवरच्या चित्रात उत्तर नव्हतं. टेकाडावर अंगण असलेलं, पायऱ्या असलेलं आणि मागं मोठं गोदाम असलेलं एकच ठिकाण होतं. अक्का सभेतनं उठून सरळ दुकानात गेली.

"पायऱ्यांवर ओटी भरू दे की, माझं काय जातंय," अप्पा म्हणाले. "पण गोदामात माणसं नको. माल असतो."

"माल भिजू नये म्हणून वर ठेवलाय ना?"

"व्हय."

"मग माणसं भिजलेली चालतात?"

अप्पांनी तराजू पुसायला घेतला. उत्तर द्यायचं नसलं की ते तराजू पुसतात. त्यांच्या मनात जे होतं त्याचं नाव माल नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं, अक्कालाही आणि उधारी लिहायच्या बहाण्यानं तिथं थांबलेल्या मलाही. मला भाषण करावंसं वाटत होतं. अक्कानं ते केलं नाही. तिनं आपली पिशवी भरली आणि खालच्या आळीत केराबाईच्या घरी राहायला गेली.

अप्पा कानडीत गरजले. आई रडली. अक्काचं म्हणणं साधं होतं. "बेटावर मी कुठं राहते? ज्या घरात पाणी आधी येतं तिथं. कामाची पद्धत हाय ती माझी. हितं आल्यावर बदलू व्हय?"

केराबाईला पाहुणीचं कौतुक दोन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, ऱ्हायाचं तर ऱ्हावा, पर भाकरी थापायला शिका. तुमच्या भाकरीला बेटासारका किनारा पडायलाय."

मग सुरू झाली तालीम. पाऊस उघडला की आळीतले चौघं सखूबाईंची बाज उचलायचे, पुढं केराबाई कळशी घेऊन, मागं बाकीच्या, आणि अक्का शिट्टी वाजवत बाजूनं. टेकाडावरची पोरं गच्चीवरनं ओरडायची, "दर्यावाली, समुद्र कुठवर आला?" सखूबाईंना मात्र हे भारी आवडायला लागलं होतं. "आगं, लग्नात बी कुनी उचललं न्हवतं मला," त्या म्हणायच्या, आणि उन्हं पडली की स्वतःच विचारायच्या, "आज न्हाय का जायाचं?" वरात दुकानाच्या पायऱ्यांपर्यंत जायची आणि परत फिरायची. गोदामाला कुलूप असायचं. अप्पा तराजूच्या मागनं बघायचे. लेकीकडं बघायचे, कुलपाकडं बघायचं टाळायचे.

आणि एक दिवस सकाळीच नदीचा रंग बदलला. वर रात्रभर पाऊस झाला होता, धरणातनं पाणी सोडल्याची बातमी कुणीतरी फोनवर दिली. शिट्टी वाजली. त्या वेळी मी आळीच्या तोंडाशी होतो, आणि जे बघितलं ते कितीही पत्रकं लिहिली तरी मला लिहिता येणार नाही. त्या अरुंद वाटेत दोन गर्द्या समोरासमोर आल्या. खालनं वर चढणारी, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, बाजेवर म्हातारी. आणि वरनं खाली उतरणारी, हातात मोबाईल, तोंडावर हसू. टेकाडावरची सगळी शहाणी माणसं पूर बघायला निघाली होती.

"कुठं निघालाव?" केराबाई कळशी सांभाळत ओरडली. "आमची लेक हाय ती, तुमाला काय बघायचं? सरा बाजूला!"

बाजेच्या चौघांपैकी एकानं ह्याच वेळी बाज सोडली आणि तोही व्हिडिओ काढायला गेला. बाज एका अंगानं कलली. सखूबाई ओरडल्या. आणि नेमके तिथं, छत्री घेऊन, धोतर वर खोचून, लेकीला शोधत उतरणारे अप्पा उभे.

"अप्पा, धरा," अक्का म्हणाली.

अप्पांनी बाजेकडं बघितलं. ह्या आळीत त्यांनी उभ्या आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं. केराबाई थांबली. मीही थांबलो. मग अप्पांनी छत्री मिटून काखेत मारली आणि बाजेचा मोकळा कोपरा धरला. चढावर त्यांना दम लागला, पण त्यांनी कुणाला धरू दिलं नाही. पायऱ्यांशी आल्यावर बाकीचे तिघं सवयीनं बाज टेकवायला लागले.

"पायरीवर नको," अप्पा म्हणाले. "आत."

त्यांनी कमरेची चावी काढली आणि गोदाम उघडलं. सखूबाईंना साखरेच्या पोत्यांच्या आडोशाला ठेवलं. त्यांनी सावकाश सगळीकडं नजर फिरवली, पोती बघितली, तेलाचे डबे बघितले.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "साकर काय भाव लावलीय?"

"आज इकायची न्हाय, आजी."

दुपारपर्यंत खालच्या आळीत छातीएवढं पाणी होतं. कच्च्या भिंती बसल्या, कणग्या वाहून गेल्या, केराबाईच्या कोंबड्या गेल्या. ह्याची भरपाई कोण देणार हा प्रश्न अजून तसाच आहे आणि तो विचारणं मी सोडणार नाही. पण माणूस एकही गेलं नाही. केराबाईनं दुकानाच्या पायरीवर कळशी मांडली, हळदकुंकू लावलं आणि डोळे पुसत पाण्याची ओटी भरली. "लई माजलीस, बाई," ती कळशीला म्हणाली. "पर आलीस." नारळ अप्पांनी दुकानातला दिला. आणि अप्पाच ते, त्यांनी चार नारळ वाजवून त्यातला लहान निवडला.

पुढं समुद्र निवळला आणि अक्काची निघायची वेळ झाली. त्या खेपेला मी तिला शेवटचं बघितलं ते गावच्या एसटी थांब्यावर. अप्पा पिशव्या घेऊन आले होते. बस आली, सामान चढलं, अक्का खिडकीत बसली आणि तिथनंच तिनं विचारलं, "अप्पा, गोदामाला कुलूप लावलं?"

"लावलं की. चोर काय पुरासारखे शिट्टी वाजवून येतात व्हय?"

"मग मी उतरते."

"बस गप खाली, हुच्ची."

"अप्पा, तुम्ही तेरला बाजाराला गेलात आणि पाणी आलं तर? तुमची वाट बघत उभं राहायचं का त्यांनी पायरीवर?"

कंडक्टरनं घंटी मारली. अप्पा बसबरोबर दोन पावलं चालले आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, म्हणजे सगळ्या थांब्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, म्हणाले, "दुसरी चावी करून घेतली. काल केराबाईच्या घरी देऊन आलो. तुला सांगितलं असतं तर तू गावभर केलं असतंस."

अक्कानं तोंड उघडलं. पण तिला विचारायला काहीच उरलं नव्हतं. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती तशीच खिडकीतनं मागं बघत राहिली.

आता तुमच्याकडं मागणं आहे, आणि ते वाचून मान डोलावण्यासाठी नाही. तुमचं घर, दुकान, देऊळ, गोदाम, जे काही उंचावर असेल, त्याच्या कुलपाची दुसरी चावी करून घ्या. पावसाळ्याआधी ती गावाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या एका घरी द्या. त्यांना वर बोलावून देऊ नका. तुम्ही खाली जा.